टीव्हीवर बाहेरचं ॲप बसत नाही, किंवा बसतं पण दिसत नाही: क्रमाने काय तपासायचं

बाहेरचं ॲप म्हणजे टीव्हीच्या स्टोअरमधून न घेता एपीके (अँड्रॉइडचं ॲप बसवायची) फाईल आणून टाकलेलं ॲप. मी टीव्ही भिंतीवर लावून, सेटिंग करून देण्याचं काम करतो. टीव्ही बसवून आलो की थोड्याच दिवसांत त्या घरून फोन येतो, "ते ॲप काही बसत नाही ओ." कुणाला कॅमेऱ्याचं ॲप हवं असतं, कुणाला मुलाच्या क्लासचं, कुणाला कोडी किंवा व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची नवी आवृत्ती. दहातल्या नऊ वेळा टीव्हीत काहीही बिघाड नसतो. फाईल त्या टीव्हीसाठी नसते, एवढंच. टीव्ही मात्र तसं सांगत नाही. वेगवेगळ्या कारणांसाठी तो तीच दोन-तीन वाक्यं दाखवतो आणि माणूस तीच फाईल पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

लक्षणं

फाईल उघडताक्षणी "प्रॉब्लेम पार्सिंग द पॅकेज" असं येतं. किंवा इन्स्टॉलची पट्टी शेवटपर्यंत जाते आणि मग "ॲप नॉट इन्स्टॉल्ड". ही दोन वाक्यं सारखी वाटली तरी एक समजू नका. पहिल्याचा अर्थ, टीव्हीला फाईल वाचताच आली नाही. दुसऱ्याचा अर्थ, फाईल वाचली, पण बसवायला नकार दिला. शोधायची जागा दोन्हीत वेगळी.

याशिवाय: इन्स्टॉल दाबलं की सेटिंगमध्ये नेऊन सोडतं आणि परत आलं की तेच. ॲप बसलं असं सांगतं, पण होम स्क्रीनवर कुठेच नसतं. उघडतं आणि लगेच मिटतं. उघडतं, पण रिमोटने काही निवडता येत नाही. आवाज येतो आणि पडदा काळा. आणि शेवटचं, कित्येक महिने नीट चालणारं ॲप एका सकाळी गायब.

आधी फुकटातल्या तपासण्या

टीव्ही अँड्रॉइड आहे का, हे सगळ्यात आधी. प्रश्न बावळट वाटेल, पण माझ्या अनुभवात सर्वात जास्त वेळ याच गोष्टीवर वाया जातो. एपीके फक्त अँड्रॉइडवर चालते. सॅमसंगच्या टीव्हीत २०१५ पासून टायझन आहे, एलजीच्या टीव्हीत २०१४ पासून वेबओएस, हायसेन्सच्या बऱ्याच मॉडेलांत विडा. यांवर एपीके बसणार नाही, कुठलीही युक्ती केली तरी. या कंपन्यांनी डेव्हलपर मोड दिलेला असतो, पण तो त्यांच्याच पद्धतीने ॲप लिहिणाऱ्यांसाठी. "सॅमसंगवर एपीके टाका" असं सांगणारा व्हिडिओ दिसला तर तो तिथेच बंद करा.

ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकमध्ये फायर ओएस असते. ती अँड्रॉइडवरच बेतलेली आहे, त्यामुळे एपीके चालते. अपवाद २०२५ मध्ये आलेल्या फायर टीव्ही स्टिक ४के सिलेक्टचा. तिच्यात वेगा ओएस आहे आणि तिथे फक्त ॲमेझॉनच्या स्टोअरमधली ॲप मिळतात. नवी स्टिक घ्यायचं मनात असेल तर खोक्यावरचं नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.

टीव्ही अँड्रॉइड निघाला, तर ते ॲप त्याच्या प्ले स्टोअरमध्ये नीट शोधा. रिमोटने इंग्रजी अक्षरं टाईप करताना स्पेलिंग हमखास चुकतं. त्यापेक्षा फोनमध्ये, टीव्हीवर आहे त्याच गूगल खात्याने प्ले स्टोअर उघडा, ॲपचं पान काढा आणि दुसऱ्या उपकरणांवर इन्स्टॉल करायचा पर्याय बघा. यादीत तुमचा टीव्ही असेल तर तिथूनच पाठवता येतं, एपीकेच्या वाटेला जायचीच गरज नाही. मुलाने अमेरिकेतून किंवा दुबईहून आणलेली स्टिक त्याच्याच खात्यावर चालू असेल तर भारतातली काही ॲप दिसत नाहीत, कारण प्ले स्टोअर खात्याचा देश बघतं. अशा वेळी इथलं खातं जोडलं की काम होतं.

आता खरा रीस्टार्ट. रिमोटचं लाल बटण दाबल्याने टीव्ही फक्त झोपतो, बंद होत नाही. सेटिंगमधून रीस्टार्ट द्या किंवा भिंतीवरचा स्विच बंद करून मिनिटभर थांबा. त्यानंतर तारीख आणि वेळ बघा. लाईट जाऊन आल्यावर काही टीव्हींचं घड्याळ भलत्याच वर्षात जातं. घड्याळ चुकलं की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं टीव्हीला मुदतबाह्य किंवा अजून लागू न झालेली वाटतात, मग डाउनलोड अर्धवट तुटतं, प्ले स्टोअरही उघडत नाही. "ऑटोमॅटिक डेट अँड टाइम" नेटवर्कवरून घेण्यावर ठेवा आणि टाइम झोन भारताचा करा.

जागा. स्वस्त टीव्हीत ८ जीबी लिहिलेलं असतं, पण त्यातला मोठा हिस्सा सिस्टीम आणि आधीपासून भरलेल्या ॲपनी खाल्लेला असतो. १०० एमबीचं ॲप बसवायला १०० एमबी पुरत नाही. फाईल स्वतः जागा घेते, ती उलगडून बसते तेव्हा आणखी लागते, शिवाय अँड्रॉइड थोडी जागा स्वतःसाठी राखून ठेवतं. एक जीबीच्या खाली मोकळी जागा असेल तर आधी न वापरलेली ॲप काढा आणि मोठ्या ओटीटी ॲपची कॅश (तात्पुरत्या साठवलेल्या फायली) रिकामी करा. कॅश म्हणतोय, डेटा नव्हे. डेटा पुसला तर पुन्हा लॉगिन करावं लागेल, आणि पासवर्ड घरात कुणालाच आठवत नसतो.

परवानगी कुणाला द्यायची

अँड्रॉइड ८ पासून "अननोन सोर्सेस" हा संपूर्ण टीव्हीसाठी एकच स्विच राहिलेला नाही. परवानगी एपीकेला द्यायची नसते, ती ज्या ॲपमधून उघडता त्याला द्यायची असते. म्हणजे फाईल मॅनेजरमधून उघडत असाल तर फाईल मॅनेजरला, डाउनलोडर नावाच्या ॲपमधून उतरवली असेल तर डाउनलोडरला. लोक एकाला परवानगी देतात आणि फाईल दुसऱ्यातून उघडतात, मग सेटिंगच्या पानावर ये-जा चालू राहते.

ही सोय सेटिंगमध्ये ॲप्स किंवा प्रायव्हसीखाली "सिक्युरिटी अँड रिस्ट्रिक्शन्स" मध्ये असते. फायर टीव्हीवर आधी माय फायर टीव्हीमधल्या अबाउटमध्ये जाऊन उपकरणाच्या नावावर सात वेळा क्लिक करावं लागतं, मग डेव्हलपर ऑप्शन्स दिसतात आणि त्यात ही परवानगी. मुलांचं प्रोफाईल चालू असेल तर हे पर्याय दिसणार नाहीत, मोठ्यांच्या प्रोफाईलवर या. आणि ॲप बसलं की परवानगी परत काढून घ्या. हे कुणी करत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

फाईलच चुकीची असणं

पार्सिंगची तक्रार आली की पहिला संशय फाईलवर. फाईल मॅनेजरमध्ये तिचा आकार बघा. संकेतस्थळावर ८० एमबी लिहिलंय आणि तुमच्याकडे काही केबी आलेत, तर तुम्ही ॲप नव्हे, डाउनलोडचं नुसतं पान उतरवलंत. जाहिरातींनी भरलेल्या ठिकाणी हिरवी मोठी बटणं खोटी असतात, त्यामुळे हे सर्रास होतं. आकार थोडाच कमी असेल तर डाउनलोड मध्येच तुटलं आहे. फोनवर उतरवून "सेंड फाइल्स टू टीव्ही" सारख्या ॲपने वायफायवरून पाठवणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

मग नावाचं शेपूट बघा. ते एपीकेच हवं. एक्सएपीके, एपीकेएम किंवा एपीकेएस असेल तर ती एक फाईल नसून अनेक तुकड्यांचं गाठोडं आहे. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या नव्या ॲपना बंडलच्या रूपात यावं लागतं. स्टोअर त्यातले तुमच्या उपकरणाला लागणारे तुकडे तेवढे पाठवतं. कुणी त्यातला मूळ तुकडाच एपीके म्हणून फोनमधून काढून दिला, तर मिक्सर घरी आणला आणि भांडं दुकानातच राहिलं, अशी गत होते. टीव्ही "ॲप नॉट इन्स्टॉल्ड" म्हणतो आणि त्याचं बरोबरच असतं. गाठोडं बसवणारी वेगळी इन्स्टॉलर ॲप असतात, पण त्याच ॲपची एकसंध एपीके मिळते का, हे आधी पाहा.

पेन ड्राइव्हवरून टाकत असाल आणि टीव्हीला तो दिसतच नसेल, तर तो बहुतेक एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. संगणकावर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. आतलं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे ठेवा.

फाईल कुठून आणायची? ॲप बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, नाहीतर एफ-ड्रॉइड किंवा एपीकेमिररसारख्या ओळखीच्या ठिकाणाहून. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके टीव्हीवरही टाकू नका आणि फोनवरही. लग्नपत्रिकेच्या नि आरटीओ चलानाच्या नावाने फिरणाऱ्या फायलींनी बँक खाती रिकामी झालेली आहेत.

३२ की ६४: खरी गोम इथे

सगळं बरोबर, फाईल पूर्ण, जागा भरपूर, तरी बसत नाही. अशा वेळी मी हे तपासतो आणि बहुतेकदा उत्तर इथेच सापडतं.

टीव्हीतली चिप ६४-बिटची असली तरी तिच्यावरचं अँड्रॉइड पुष्कळदा ३२-बिटचं असतं. टीव्हीत रॅम दीड-दोन जीबी, आणि ३२-बिटला रॅम कमी लागते, म्हणून कंपन्या असं करतात. फोन मात्र हल्ली ६४-बिटचे. त्यामुळे फोनवर छान बसलेली फाईल टीव्ही नाकारतो आणि माणूस म्हणतो, "फोनवर तर चालतंय की!"

कोडीच्या किंवा व्हीएलसीच्या अधिकृत पानावर अँड्रॉइडसाठी वेगवेगळ्या फायली दिसतात त्या यासाठीच. एआरएम व्ही७ म्हणजे ३२-बिट, एआरएम व्ही८ म्हणजे ६४-बिट. माणसं मोठा आकडा चांगला समजून व्ही८ उचलतात. टीव्हीसाठी आधी व्ही७ टाकून बघा. ६४-बिटच्या टीव्हीवरही ती सहसा चालते, उलट मात्र कधीच होत नाही. खात्री करायची असेल तर प्ले स्टोअरमधून आयडा६४ हे ॲप टीव्हीवर घ्या, त्यात टीव्हीचं अँड्रॉइड कुठल्या प्रकारच्या फायली स्वीकारतं ते कळतं. ऑगस्ट २०२६ पासून टीव्हीच्या ॲपनी ६४-बिट आवृत्तीही द्यावी असं गूगलने ठरवलं आहे. त्याने तुमचा आजचा ३२-बिट टीव्ही बदलणार नाही, पण फाईल निवडताना घोळ आणखी होईल.

याच दमात अँड्रॉइडची आवृत्तीही पाहा, सेटिंगच्या अबाउटमध्ये असते. ॲपला किमान अँड्रॉइड १० हवं आणि टीव्ही ९ वर, तर बसणार नाही. टीव्हीला फोनसारखी वर्षाला नवी आवृत्ती मिळत नाही, बरेच टीव्ही घेतलेल्याच आवृत्तीवर आयुष्य काढतात. मग त्याच ॲपची जुनी आवृत्ती शोधायची. ती ओटीटीची असेल तर सर्व्हर तिला नाकारू शकतो, हेही लक्षात असू द्या.

सही जुळत नाही

ॲप आधीपासून टीव्हीत आहे, तुम्ही वरून नवीन टाकताय आणि "ॲप नॉट इन्स्टॉल्ड". प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. जुन्यावर एक आणि नव्यावर दुसरी असेल तर अँड्रॉइड अपडेट होऊ देत नाही, आणि ते तुमच्याच भल्याचं आहे, नाहीतर कुणीही तुमच्या ॲपच्या जागी आपलं घुसवलं असतं. जुनं काढा, मग नवीन टाका. आतली माहिती जाईल. कंपनीनेच भरून दिलेलं ॲप असेल तर ते पूर्ण निघत नाही, तिथे थांबा.

गायब झालेल्या ॲपचं उत्तरही कधी कधी इथेच असतं. २०२५ च्या अखेरीस स्मार्टट्यूब नावाच्या लोकप्रिय ॲपची सहीची किल्ली चोरीला गेली आणि प्ले प्रोटेक्टने (ॲप तपासणारी गूगलची सुरक्षा सोय) ते लोकांच्या टीव्हींवर आपणहून बंद केलं. कित्येकांनी ते परत आणण्यासाठी प्ले प्रोटेक्टच बंद केलं. असं करू नका. प्ले प्रोटेक्टने एखादं ॲप अडवलं तर ते ॲप सोडून द्यायचं, हा माझ्याकडचा नियम आहे आणि गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी मी तो मोडत नाही.

बसलं, पण दिसत नाही किंवा वापरता येत नाही

होम स्क्रीन फक्त तीच ॲप दाखवते ज्यांनी "मी टीव्हीसाठी आहे" अशी नोंद आत केलेली असते. मोबाइलच्या ॲपमध्ये ती नसते. ॲप टीव्हीत असतं, सेटिंगमधल्या सगळ्या ॲपच्या यादीत जाऊन "ओपन" केलं की उघडतं. रोज तेवढं करायचा कंटाळा असेल तर साइडलोड लाँचरसारखं ॲप घ्या, ते अशी लपलेली ॲप दाखवतं.

उघडल्यावर रिमोट चालत नसेल तर तोही दोष नाही. ते ॲप बोटासाठी बनवलंय, बाणांच्या बटणांसाठी नाही. यूएसबीचा साधा माउस लावा. घरात पडलेला जुना चालतो.

काळा पडदा किंवा धूसर चित्र आलं तर प्रकरण बहुतेकदा वाइडवाइनचं, म्हणजे चित्राची कॉपी रोखणाऱ्या कुलपाचं, असतं. ओटीटीवाले चित्र कुलूपबंद पाठवतात. टीव्हीला एल१ दर्जा असेल तर पूर्ण गुणवत्तेत, एल३ असेल तर साध्या एसडीत. नेटफ्लिक्स तर स्वतः तपासून मान्यता दिलेल्या उपकरणांनाच नीट चालतं. मोबाइलची एपीके टाकून हा दर्जा वाढत नाही, म्हणून इथे वेळ घालवू नका.

आणि मुळात काय हवंय ते बघा. कॅमेरे बघायचेत? डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या) मागे एचडीएमआय असतं, एक वायर टीव्हीत घाला, ॲप लागतच नाही. व्हिडिओच्या ॲपमध्ये कास्टचं चिन्ह असेल तर फोनवरून टीव्हीवर पाठवा. क्लासची ॲप मात्र कास्ट अडवतात, तिथे लॅपटॉप आणि वायर.

शेवटची तपासणी, संगणक असणाऱ्यांसाठी

अबाउटमध्ये बिल्डवर सात वेळा क्लिक करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे, डीबगिंग चालू करायचं आणि संगणकावरून एडीबी या अँड्रॉइडच्या साधनाने फाईल बसवायची. याचा मोठा फायदा हा की नकाराचं कारण स्पष्ट शब्दांत मिळतं: "नो मॅचिंग एबीआयज" म्हणजे ३२-६४ चा घोळ, "अपडेट इनकम्पॅटिबल" म्हणजे सही, "मिसिंग स्प्लिट" म्हणजे तुकडे कमी, "ओल्डर एसडीके" म्हणजे टीव्हीचं अँड्रॉइड जुनं. काम झालं की डीबगिंग बंदच करा. २०१८ मध्ये एडीबी.मायनर हे मालवेअर उघड्या राहिलेल्या ५५५५ पोर्टमधूनच टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सांत पसरलं होतं.

फॅक्टरी रीसेटचा सल्ला सगळे देतात. प्ले स्टोअरमधलंही कुठलंच ॲप बसत नसेल तरच तो करा. एकाच एपीकेसाठी केला तर सगळे लॉगिन जातील आणि फाईल तरीही बसणार नाही.

इथे थांबा

टीव्ही कंपनीच्या लोगोवर अडकून पुन्हा पुन्हा सुरू होतोय, रीसेटनंतरही प्ले स्टोअर मरतंय, किंवा टीव्ही कुठल्याही स्टोरेजला हात लावू देत नाही: हे मेमरी चिपचं किंवा फर्मवेअरचं (टीव्हीच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरचं) काम आहे. नेटवरून फर्मवेअर उतरवून पेन ड्राइव्हने टाकू नका. एकाच मॉडेलच्या नावाखाली आत वेगळे बोर्ड आणि पॅनल असतात, चुकीचं फर्मवेअर गेलं तर टीव्ही सुरूही होत नाही. रूट करायला, म्हणजे सिस्टीमची कुलपं तोडायला, सांगणाऱ्याचं ऐकू नका. मागचं झाकण तर उघडूच नका, पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ विजेचा दाब राहतो.

दुसरी जागा थांबायची, बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स. प्ले स्टोअर नाही, कुठलंतरी अनोळखी बाजार-ॲप आहे आणि सगळी चॅनेल फुकट, असा बॉक्स दुरुस्त करायच्या लायकीचा नसतो. २०२४ मध्ये व्होइड मालवेअर अशा सुमारे १३ लाख बॉक्सांत सापडलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० या अशाच उपकरणांतल्या मालवेअरबद्दल इशारा दिला, त्यात प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगणारी उपकरणं संशयास्पद धरा असं स्पष्ट म्हटलं होतं. असा बॉक्स घरच्या वायफायवरून काढून टाका. तुमचे बँकेचे व्यवहार त्याच वायफायवर चालतात.

सर्व्हिस सेंटरचा नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. गूगलवर पहिला दिसलेला "कस्टमर केअर" लावू नका, तिथे बनावट नंबर पेरलेले असतात. फोनवरच्या माणसाने स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला किंवा ओटीपी सांगायला लावलं की फोन ठेवायचा. माणूस घरी येणार असेल तर त्याआधी टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा, अबाउटच्या पानाचा आणि पडद्यावर आलेल्या एरर मेसेजचा फोटो काढून ठेवा, शिवाय बिल हाताशी असू द्या. त्या तीन फोटोंवरून बहुतेकदा फोनवरच कळतं की यायची गरज आहे की नाही, आणि व्हिजिटचे पैसे वाचतात.